शहराची चाल, गाण्याची चाल

मराठीत 'चाल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. माणसाच्या चालण्याला चाल म्हणतात आणि गाण्याच्या स्वररचनेलाही चालच म्हणतात. 'कवितेला चाल लावली' असे आपण सहज बोलून जातो. शहरावरची कविता गाण्यात येते तेव्हा मात्र हे दोन्ही अर्थ समोरासमोर उभे राहतात. कवी शहरातून चालतो, चालताना जे दिसते आणि खुपते ते लिहितो. मग संगीतकार त्याच्या शब्दांना आपली चाल देतो. त्या चालीत कवीची चाल उरते की नाही, एवढाच प्रश्न आम्हाला या लेखात विचारायचा आहे.

हा प्रश्न आमच्यासाठी निव्वळ हौसेचा नाही. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात दखनी किंवा कोकणी बोलली गेली, शिक्षण मराठीतून झाले आणि उर्दू लिपी शिकायची राहून गेली. मजाज, मख्दूम, साहिर, शहरयार आमच्याकडे पुस्तकातून आले नाहीत. ते रेडिओतून आले, लग्नघरातल्या लाऊडस्पीकरवरून आले, कॅसेटवरून आले. संगीतकाराने जे बंद गाळले ते आम्हाला कधी मिळालेच नाहीत. त्याने जी ओळ घोळवली तीच आमच्या दृष्टीने कविता झाली. म्हणजे शहराबद्दल उर्दू कवीला काय म्हणायचे होते याचा निम्मा निर्णय आमच्यासाठी कवीने नव्हे, तर चाल लावणाऱ्याने केला. तो निर्णय तपासून पाहणे आमचे काम आहे.

उर्दू कवितेला शहर नवीन नाही. अठराव्या शतकात दिल्ली पुन्हा पुन्हा लुटली गेली तेव्हा सौदा आणि मीर यांनी 'शहरआशोब' लिहिले. पुढे नझीर अकबराबादींनी आग्र्याच्या हलाखीवर लिहिले. शहरआशोब म्हणजे उद्ध्वस्त शहराचे गाऱ्हाणे, पण ते मोघम नसते. त्यात एकेका धंद्याची, एकेका कारागिराची हजेरी घेतलेली असते. कोणाचे दुकान बंद पडले, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे नावानिशी सांगितलेले असते. शहराचे दुःख मोजून सांगायचे असते, ही त्या परंपरेची शिकवण. विसाव्या शतकातल्या प्रगतिशील कवींनी हा वारसा घेतला आणि त्यात रस्त्यावर भटकणारा एकटा तरुण आणून उभा केला.

तो तरुण म्हणजे मजाजच्या 'आवारा' या नज्मचा नायक. असरारुल हक 'मजाज' यांचा जन्म १९११ साली रुदौलीचा. ते अलीगढला शिकले आणि १९५५ साली लखनौत गेले. 'आवारा'तला माणूस रात्रीच्या झगमगत्या शहरात हिंडतो. दिवे दिसतात, चंद्र दिसतो, मैफलींची दारे दिसतात, पण त्याचे म्हणावे असे तिथे काहीच नाही. प्रत्येक बंदाच्या शेवटी तेच पालुपद येते. नज्म जसजशी पुढे सरकते तसतसा त्या पालुपदाचा अर्थ बदलत जातो. सुरुवातीला ते उदास माणसाचे पुटपुटणे असते. शेवटाकडे, जेव्हा तो तख्त-ताज आणि महाल यांच्याकडे रागाने पाहू लागतो, तेव्हा तेच शब्द मूठ वळलेल्या माणसाचे होतात. पालुपद तेच राहते आणि माणूस बदलतो, हेच त्या नज्मचे सामर्थ्य आहे.

१९५३ साली 'ठोकर' या चित्रपटात सरदार मलिक यांनी या नज्मला चाल लावली आणि तलत महमूद यांनी ती गायली. गाणे सुंदर आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तलतच्या आवाजातला तो कंप अशा उदास माणसासाठीच घडलेला होता. पण पंधरा-एक बंदांची नज्म तबकडीवर मावणार नव्हती. मोजकेच बंद घेतले गेले आणि जिथे ठिणगी उडते तो भाग बाहेर राहिला. परिणाम असा झाला की लोकांच्या ओठांवर पालुपद राहिले, पण ते बदलत गेल्याचे कोणाला कळले नाही. सुरुवातीची उदासी हीच शेवटची उदासी ठरली. शहरावर चिडलेला कवी प्रेमभंग झालेला प्रियकर वाटू लागला. चाल चुकली असे आम्ही म्हणणार नाही. कवी चालत जिथवर गेला होता तिथवर चाल गेली नाही, एवढेच.

चार वर्षांनी, १९५७ साली, 'प्यासा' आला. साहिर यांची 'चकले' ही नज्म आधीच प्रसिद्ध होती. तिच्या पालुपदात फारसी समासांनी जडावलेला एक प्रश्न होता, पूर्वेच्या पावित्र्याचे गोडवे गाणाऱ्यांना विचारलेला. चित्रपटासाठी साहिरनी ते पालुपद बदलले आणि देशाचा अभिमान बाळगणाऱ्यांना सरळ हाक मारली. इथे कवीने स्वतःच आपली कविता सोपी केली, तरीही ती बोथट झाली नाही, उलट धारदार झाली. सचिन देव बर्मन यांनी चालीला फार सजवले नाही. रफींचा आवाज जवळजवळ बोलल्यासारखा पुढे जातो आणि पडद्यावरचा गुरुदत्त त्या वस्तीतून अडखळत चालतो. चालणे आणि गाणे यांची गती एक आहे. प्रत्येक बंदात वस्तीचे नवे दृश्य येते आणि पालुपदाचा प्रश्न पुन्हा येतो तेव्हा त्याचे वजन वाढलेले असते. 'आवारा'त जे निसटले ते इथे सापडले. शब्द बदलले तरी चालेल, पण प्रश्न प्रश्नच राहिला पाहिजे, हा 'प्यासा'चा धडा.

आता आम्ही ज्या गाण्यासाठी हा लेख लिहायला बसलो त्याकडे येतो. १९७८ साली मुजफ्फर अली यांचा 'गमन' प्रदर्शित झाला. उत्तर प्रदेशातल्या गावातून गुलाम हसन मुंबईला येतो आणि टॅक्सी चालवू लागतो. गावी आई आहे, बायको खैरुन आहे. फारुख शेख आणि स्मिता पाटील यांनी या भूमिका केल्या. चित्रपटाला संगीत जयदेव यांचे. त्यात शहरयार यांची ती गझल आहे जी आज कोणत्याही शहरात, कोणत्याही मैफलीत फर्माईश म्हणून येते. गायली आहे सुरेश वाडकर यांनी.

पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही की या गझलेत मुंबई नाही. टॅक्सी नाही, समुद्र नाही, लोकल नाही, चाळ नाही. 'शहर' हा शब्द मतल्यात एकदाच येतो. पुढच्या शेरांत हृदय आहे, एकाकीपण आहे, नजर पोहोचेल तिथवर पसरलेला उजाडपणा आहे आणि शेवटी आरसा आहे. शहरयार म्हणजे अखलाक मुहम्मद खान अलीगढ विद्यापीठात उर्दू शिकवत होते. मुंबईच्या रस्त्यांचे वर्णन करण्याचा त्यांचा दावा नव्हता. मजाजच्या नज्ममध्ये रस्ता, दिवे, चंद्र सगळे होते, तरी गाण्यात शहर विरून गेले. इथे शहराचा तपशील शून्य, तरी गाणे मुंबईचे झाले. हे कसे घडले?

आमच्या मते त्याचे पहिले कारण गझलेच्या वृत्तात आहे. 'गागाल लगागाल लगागाल लगागा' असे हे वृत्त. मात्रांकडे पाहिले तर दोन गुरू, दोन लघू, पुन्हा दोन गुरू, दोन लघू, असा क्रम ओळीच्या शेवटापर्यंत चालतो. दोन पावले जड, दोन पावले भरभर. सिग्नलला थांबत, पुन्हा सुटत, पुन्हा अडकत जाणाऱ्या वाहनाची हीच गती असते. 'आवारा'चे वृत्त आपल्या मराठी गझलकारांना 'देवप्रिया' म्हणून ठाऊक आहे. ते मोकळ्या रस्त्यावरून लांब ढांगा टाकत जाणाऱ्याचे वृत्त आहे. शहरयारांचे वृत्त गर्दीतल्या माणसाचे आहे. हे त्यांनी ठरवून केले असे आम्ही म्हणत नाही. पण जयदेवांना ते ऐकू आले असावे, असे चाल ऐकताना वाटते. त्यांनी ही अडखळ ताना-मुरक्यांनी झाकली नाही. शब्द जसे येतात तसे येऊ दिले.

दुसरे कारण रदीफ. या गझलेच्या रदीफात दोन गोष्टी आहेत. एक 'सारखे' आणि एक 'का'. माणूस त्रस्त आहे असे कवी म्हणत नाही. त्रस्त असल्यासारखा का आहे, असे विचारतो. 'सारखे' या शब्दाने खात्री काढून घेतली आणि 'का' या शब्दाने उत्तर काढून घेतले. प्रत्येक शेर प्रश्नावर संपतो आणि कुठल्याच शेरात उत्तर नाही. अशा गझलेला चाल लावताना मोठा मोह असतो तो प्रश्नाचे आक्रंदन करण्याचा. रदीफ वरच्या सुरात नेली, आवाज फोडला, की टाळ्या ठरलेल्या. जयदेवांनी तसे केले नाही. वाडकरांचा आवाज कुठेही रडत नाही. दिवसभर गाडी हाकून थकलेला माणूस स्वतःशीच काही विचारतो, उत्तराची अपेक्षाही ठेवत नाही, तसा तो आवाज आहे. कोल्हापूरकडच्या घरातला मराठी मुलगा, उर्दू गझल आणि पडद्यावर उत्तर प्रदेशचा टॅक्सीवाला, अशी ती जुळणी आहे. आणि तिन्ही एकमेकांना परके वाटत नाहीत. मुंबई शहर चांगल्या दिवसांत असेच असते.

जयदेव स्वतः या शहरात उपरेच होते. जन्म नैरोबीचा, लखनौत उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे सरोद शिकलेले, आणि मुंबईत चर्चगेटजवळ भाड्याच्या खोलीत राहिलेले. संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना तीनदा मिळाला, त्यातला एक 'गमन'साठी. असे असूनही मुंबईत त्यांचे बस्तान फार मोठे बसले नाही. १९८७ साली ते गेले. चाल माणसाच्या चरित्रातून काढू नये हे आम्हाला मान्य आहे. पण ज्याने खोलीचे भाडे भरत आयुष्य काढले त्याला गुलाम हसनचा आवाज किती खालच्या सुरात ठेवायचा हे कळले, यात नवल वाटू नये.

'गमन'चे संगीत एका गझलेवर थांबत नाही हेही नोंदवले पाहिजे. गावाकडच्या खैरुनसाठी जयदेवांनी हैदराबादच्या मख्दूम मोहिउद्दीन यांची गझल घेतली आणि छाया गांगुली यांच्याकडून गाऊन घेतली. त्या गाण्यासाठी त्यांना गायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे चित्रपटात दोन टोके आहेत. एका टोकाला शहरातला पुरुष, रस्त्यावर. दुसऱ्या टोकाला गावातली बाई, रात्रीच्या अंगणात. शहराची कविता शहरात संपत नाही, तिची किंमत गावात कोणीतरी मोजत असते, हे संगीतकाराने दोन गझला समोरासमोर ठेवून दाखवले.

इथे आम्हाला आपल्या मातीतल्या एका जोडीची आठवण होते. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंच्या 'मुंबईची लावणी'त मलबार हिलचे वैभव आणि परळच्या कामगाराचे राबणे शेजारी-शेजारी आहे. शहरआशोबसारखीच ही हजेरी आहे, वस्तीवार घेतलेली. अण्णा भाऊंनी शहरआशोब वाचले असतील-नसतील, पण शहराचे दुःख मोजून सांगायचे हे त्यांना ठाऊक होते. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावाकडे राहिलेली त्याची मैना, अशी ती कथा आहे आणि त्या ताटातुटीचा धागा त्यांनी महाराष्ट्राच्या ताटातुटीशी नेऊन जोडला. गुलाम आणि खैरुन यांच्या वीस-एक वर्षे आधी मराठीत हे जोडपे उभे राहिले होते.

या कवितेला चाल बाहेरून लावावी लागली नाही. छक्कड लिहितानाच ढोलकी कानात होती. आणि ती लोकांपुढे पोहोचवायला अमर शेखांसारखा गळा जोडीला होता. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, गिरणीत काम केलेले, मोटारीवर क्लीनर राहिलेले, हेच शाहीर अमर शेख. माईक नसला तरी मैदान भरून टाकणारा त्यांचा आवाज होता असे सांगणारे जुने लोक आम्ही ऐकले आहेत. १९६९ साली अपघातात ते गेले. कवी, गायक आणि श्रोता तिघेही एकाच रस्त्यावरचे असले म्हणजे कवीची चाल आणि गाण्याची चाल यांत अंतर उरत नाही. शाहिरीचे हे बळ चित्रपटाच्या गझलेला मिळत नाही. मात्र शाहिरीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिथे प्रश्नापेक्षा उत्तर मोठे असते, कारण सभा उठवायची असते. मैनेबद्दल गडी बोलतो, मैना स्वतः बोलत नाही. खैरुनला निदान मख्दूमची गझल मिळाली. एकाकी माणूस, ज्याच्या मागे सभा नाही, झेंडा नाही, त्याच्यासाठी शहरयारच लागतात.

मराठी भावगीताने मात्र या वाटेला जाणे सहसा टाळले. मर्ढेकरांचे शहर, नारायण सुर्व्यांचे शहर आपण वाचले आणि सभांतून ऐकले. सुर्वे स्वतः कविता म्हणत तेव्हा बोलण्याचीच एक लय तयार होई. पण घराघरात गुणगुणले जाईल असे त्या शहराचे गाणे फारसे झाले नाही. भावगीताला चांदणे हवे होते, पाऊस हवा होता. भोंगा त्याच्या सुरात बसत नव्हता. मराठी गझल गाणाऱ्या आजच्या मंडळींसमोर हे काम शिल्लक आहे.

'गमन'च्या शेवटी गुलाम स्थानकावर येतो. गावी जायचे आहे, पण भाड्यात पैसे गेले तर हातात काय उरणार, हा हिशेब सुटत नाही. गाडी निघून जाते, तो मागे राहतो. हे दृश्य नंतर शहराने दोनदा वेगळ्या तऱ्हेने पाहिले. जानेवारी १९९३च्या दंगलीत मुंबईहून गावाकडे जाणाऱ्या गाड्या माणसांनी भरून वाहत होत्या. ज्यांना राहायचे होते त्यांना जावे लागले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, प्रवासी गाड्या थांबल्या आणि ज्यांना जायचे होते त्यांच्यासाठी गाडीच नव्हती. माणसे मुलेबाळे घेऊन महामार्गाने पायी निघाली. श्रमिकांसाठीच्या विशेष गाड्या १ मेपासून सुटू लागल्या. त्या दिवसांत ही गझल अनेकांनी एकमेकांना पाठवली. आम्हालाही आली. ऐकताना जाणवले की गझलेत शहराचे नाव नव्हते म्हणूनच ती इतक्या शहरांना लागू पडली.

आणि त्यात माणसाचेही नाव नाही. पडद्यावरच्या टॅक्सीवाल्याचे नाव गुलाम हसन आहे, पण मतल्यात कवी शहरातल्या प्रत्येक माणसाबद्दल विचारतो. खोली भाड्याने देण्याआधी जिथे आडनाव विचारले जाते अशा शहरात ही साधी गोष्ट राहत नाही. ज्याला नावामुळे दार बंद होते तोच विचारतो की इथला प्रत्येक जण असा का झाला आहे. स्वतःचे गाऱ्हाणे पुढे न करता तो सगळ्यांचे विचारपूस करतो. आम्हाला या गझलेचा मोठेपणा इथे वाटतो. चाल जर आक्रोशाची असती तर हा 'प्रत्येक' ऐकूच आला नसता. ऐकू आला असता फक्त 'मी'.

म्हणूनच आमच्या मैफलींविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. अलीकडे ही गझल गाताना लय आणखी संथ केली जाते, रदीफ दहा वेळा घोळवली जाते, मध्ये सरगम येते आणि श्रोते 'वाह' म्हणत माना डोलवतात. पहिला शेर झाला की पुढचे कोणाला नकोच असते. त्रस्त शहर ही एक सजावट झाली आहे. अशाने 'ठोकर'मध्ये मजाजचे जे झाले तेच आपण आपल्या हाताने शहरयारांचे करू. शहरयार २०१२ साली गेले. त्यांच्या कवितेचा सांभाळ आता गाणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या हाती आहे.

आमचे मागणे फार नाही. गाणाऱ्याने गझल शेवटच्या शेरापर्यंत न्यावी. त्या शेरात आरसा आहे. आतापर्यंत दुसऱ्यांबद्दल विचारलेला प्रश्न तिथे आपल्यावर उलटतो. शहरातली माणसे अशी का झाली हे विचारणारा स्वतः किती बदलला, हे आरशालाच विचारावे लागते. जयदेवांनी तो शेरही पहिल्या शेराइतक्याच हलक्या आवाजात ठेवला आहे. आपण मात्र तिथवर पोहोचण्याआधीच टाळ्या वाजवून मोकळे होतो. पुढच्या वेळी एवढे करावे. टाळी थोडी थांबवावी आणि तो शेर संपू द्यावा.